वाळवीने खाल्लेलं पान

हिल्डा ऑर्मरॉइड दुर्भाटच्या धक्क्यावर उतरली तेव्हा
फेरीवाल्याने तिच्याकडे सुटे मागितले.
तिने आधी विचारलं, तुझा पगार किती?
त्याने सांगितला. तिने वहीत लिहिला.
मग सुटे शोधले.

मला मोडी येत असे. शाळेत गणित शिकवून
उरलेल्या वेळात मी तिला गावकीचे कागद वाचून दाखवू लागलो.
तासाला तीन रुपये.
नको म्हटलं तर चिडली:
फुकट राबणारा मास्तर दुसऱ्या मास्तराचा पगार खातो.

ओल्डहॅमच्या सूतगिरणीत तिची आई बहिरी झाली होती,
म्हणून ही जन्मभर मोठ्याने बोलली.
गावाला वाटायचं, गोरी आहे म्हणून ओरडते.
पत्रकं वाटताना एकदा आठ दिवस कोठडी,
एकदा एक दात गेला;
ती जागा जिभेने चाचपत ती विचार करायची.
हंगेरीत रणगाडे शिरले त्या साली
ओळखीतले निम्मे पक्ष सोडून गेले, नवराही.
ही राहिली.
का, ते मी दोनदा विचारलं.
पहिल्यांदा म्हणाली, वर्षाची वर्गणी भरलेली होती.
दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही,
उंड्याला लोणी लावत राहिली, पार कडेपर्यंत.

ती आली होती गावकी बघायला.
जमीन कोणा एकाची नाही, खाजन गावचं, बांद गावचा,
मानस गावची, वर्षाकाठी ज्याची त्याची जोण.
पोर्तुगीज म्हणायचे कोमुनिदाद.
‘शब्द तर आमचाच आहे,’ म्हणाली,
आणि पोरीसारखी हसली, दाताची खिंड दाखवत.

मी वाचत गेलो.
अर्धे गावकार वाळवीने खाल्ले होते, उरलेले आमचेच आजे-पणजे.
बाया? तिने विचारलं.
नाहीत.
गावडे?
आहेत. खर्चात.
खर्चात म्हणजे?
म्हणजे बांद फुटला: चिखल इतका, पेंढा इतका,
गावड्यांना पेज.
जुवारीतून खनिजाची बार्ज गेली,
गळ्यापर्यंत बुडालेली, तांबडी.
ती पेन्सिल चावत बसली.

अकरा वर्षं राहिली. पुस्तक दर वर्षी बारीक होत गेलं.
आदिम साम्यवादाचं प्रकरण तिने स्वतः चुलीत घातलं;
साठ पानांत पाणी तापलं,
आम्ही चहा प्यालो.
बार्जवाल्यांचा संप झाला तेव्हा पंधरा दिवस धक्क्यावर बसून होती.
भाषण कर म्हटलं, तर म्हणाली,
माझी कोकणी मासळीबाजारापुरती.
पण कोणाचा डबा किती दिवस आला नाही,
ते सगळं वहीत आहे.

ती गेल्यावर पाद्री म्हणाले, दफनभूमीत कसं?
आमच्या पंचांनी म्हटलं, सरणावर तरी कसं?
तोवर बांबोळीहून गाडी आली.
देह तिने आधीच कॉलेजला लिहून दिला होता,
सही, साक्षीदार, तारीख, सगळं.

कागद माझ्याकडे आले.
एकशे सातवा, शके अठराशे बारा:
साळू गावडी हिने अवसेच्या रात्री मानशीचं दार उघडून
कुर्ल्या धरल्या, सबब दंड पाच तांगे,
न दिल्यास सात दिवस बांदावर बिनमजुरी.
खालची सही मला पाठ आहे.
आमच्या घराच्या खरेदीखतावरही तीच.

हे पान मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.
वाळवीने खाल्लंय, म्हणालो होतो,
आणि पुढचं उलटलं होतं.

टाचणीला एक चिठ्ठी होती. मोडीत.
कुठे, कोणाकडे शिकली, देव जाणे;
अक्षर दुसरीतल्या मुलासारखं, रेघ सोडून पळणारं:
हे पान शाबूत आहे.
मला लागले सहा महिने.
तुझा एक तास धरते.
आत तीन रुपये.

पुस्तक पुढल्या साली निघालं, लंडनला, पातळ पुठ्ठ्याचं.
साळू आहे, कुर्ल्या आहेत,
दंड करणाऱ्याचं नाव आहे, आडनावासकट,
आणि तळाशी, बारीक टाइपात,
वाचनाबद्दल आभार:
तेच आडनाव.